भिंतीपलीकडचं घर ७६० मीटर लांब

आमच्या गल्लीच्या टोकाला एक नऊ इंची भिंत आहे. भिंतीच्या पलीकडं दुसऱ्या कॉलनीतली गल्ली संपते. तिथल्या वहिनींच्या कुकरची शिट्टी आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येते, त्यांच्या शेवग्याच्या शेंगा आमच्या बाजूला लोंबतात आणि आई त्या तोडून भिंतीवरून परत देते, इतकं जवळ. दोन वर्षांपूर्वी एका रात्री आईची शुगर एकदम खाली गेली, ॲम्ब्युलन्स बोलावली, तर ती आली पलीकडच्या गल्लीत. ड्रायव्हरची काहीच चूक नव्हती, मोबाइलवरचा ठिपका आमच्या घरावर होता आणि त्या ठिपक्याला सगळ्यात जवळचा रस्ता त्याला पलीकडचा दिसला. भिंतीवरून तो फिरता दिवा मला दिसत होता, त्याचा उजेड आमच्या छतावर पडत होता, आणि गाडी मात्र तिथून रिव्हर्स घेऊन, मेन रोडला जाऊन, आमच्या कॉलनीच्या तोंडातून आत येऊन दारात यायला जी मिनिटं गेली ती मी अजून विसरलेलो नाही. आई वाचली. पण तेव्हापासून मी सांगलीचे रस्ते वेगळ्या नजरेनं बघायला लागलोय, आणि जे दिसलं ते लिहायलाच पाहिजे असं वाटतंय.

मी टाउन प्लॅनर नाही. हायस्कूलला गणित शिकवतो. पण रस्त्यांचा प्रश्न हा जितका डांबराचा आणि बजेटचा आहे तितकाच भूमितीचा आहे, आणि त्या बाजूनं आपल्याकडं कुणी बोलतच नाही.

आपल्याकडं रस्त्यांचा विषय निघाला की दोनच शब्द ऐकू येतात, रुंदीकरण आणि उड्डाणपूल. हरभट रोडला गर्दी झाली, रुंदीकरण करा. स्टेशन चौकात गाड्या अडकल्या, वरून पूल टाका. निवडणुकीच्या जाहीरनाम्यात हेच, कट्ट्यावर हेच, व्हॉट्सॲप ग्रुपवर पण हेच. रस्ता किती रुंद आहे हे टेप लावून कुणालाही मोजता येतं, म्हणून ते पटकन तोंडात येतं. पण तो रस्ता कशाला जोडलाय, किती ठिकाणी जोडलाय, आणि तो बंद पडला तर दुसरीकडून जाता येतं का, हे टेपनं मोजता येत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की सांगली-मिरज-कुपवाडचा खरा आजार रुंदीचा कमी आणि जोडाचा जास्त आहे, आणि तो जोड मोजायची साधनं आता फुकट हातात असताना आपण न मोजता कोटी कोटींचे निर्णय घ्यायचे हे बरोबर नाही.

जोड मोजायचं गणित जुनं आहे आणि ते नदीकाठच्या एका गावातूनच आलं. प्रशियातलं कोनिग्सबर्ग, आत्ता ते रशियात कालिनिनग्राड म्हणून आहे, तिथं प्रेगेल नदीवर सात पूल होते आणि लोकांना प्रश्न पडलेला की सगळ्या पुलांवरून एकेकदाच जाऊन फेरी पूर्ण करता येईल का. १७३६ च्या सुमाराला ऑयलर या गणितज्ञानं दाखवलं की नाही येणार, आणि दाखवताना त्यानं एक फार मोठी गोष्ट केली, पुलांची लांबी, रुंदी, वळणं सगळं सोडून दिलं. जमिनीचे चार तुकडे म्हणजे चार बिंदू, सात पूल म्हणजे सात रेघा, आणि कुठल्या बिंदूला किती रेघा मिळतात एवढंच बघितलं. अशा बिंदू-रेघांच्या जाळ्याला ग्राफ म्हणतात आणि त्यातल्या रेघेला कड. रस्त्यांना हेच लावायचं तर चौक म्हणजे बिंदू, दोन चौकांमधला रस्ता म्हणजे कड. आपल्याकडं तिकटी म्हणतात ती म्हणजे तीन कडांचा बिंदू. आणि बंद गल्लीचं टोक म्हणजे एकाच कडेचा बिंदू, जिथं गेलं की त्याच वाटेनं परत यायचं.

आता आपल्या गावाकडं बघा. जुनी सांगली, म्हणजे गावभाग, खणभाग, गणपती पेठ, कापड पेठ, ही चिंतामणराव पटवर्धनांनी मिरजेतून वेगळं होऊन इथं राजधानी केली त्या काळापासून वाढत गेलेली. बोळ अरुंद आहेत, गाडी घालायची म्हणजे जीव मुठीत, पण एका बोळातून शिरलं की दुसऱ्या बोळातून बाहेर पडता येतं. जुन्या माणसांना विचारा, टिळक चौकातून मारुती रोडला जायचे चार रस्ते सांगतील. म्हणजे रुंदी कमी पण जोड भरपूर. आणि शहराचा जो भाग गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत वाढला, शामरावनगर असो, कुपवाडकडचा भाग असो, मिरजेच्या बाजूच्या वसाहती असोत, तिथं गल्ल्या कधी कधी जुन्या बोळांच्या दुप्पट रुंद आहेत, पण पुढं जाऊन संपतात. कशामुळं?

शेतामुळं. ह्या वसाहती गुंठेवारीच्या. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फुटांचा चौरस, १०८९ स्क्वेअर फूट, असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. ज्याचं शेत त्यानं ते गुंठ्या-दोन गुंठ्यांनी विकलं. वाटण्या होऊन होऊन शेतं झालेली लांबट पट्ट्यांची, रस्त्याला तोंड कमी आणि आत खोल. मग पट्ट्याच्या मालकानं काय केलं, मधून एक रस्ता घेतला, त्याला बाजूला गल्ल्या काढल्या, आणि गल्ल्या आपल्या बांधापाशी थांबवल्या. त्याच्या जागी मी असतो तरी मी तेच केलं असतं, कारण बांधापलीकडं रस्ता न्यायचा त्याला हक्कच नव्हता आणि रस्त्याला गेलेला प्रत्येक फूट म्हणजे विकायचा फूट कमी. शेजारच्या पट्ट्यात दुसऱ्या मालकानं पाच-दहा वर्षांनी तसंच केलं. ज्या बांधावरून दोन पिढ्या भांडल्या तो बांध गेला आणि तिथं भिंत आली. काही ठिकाणी दोन शेतांमधून पाणंद होती, बैलगाडी जाईल एवढी, ती पण कुणाच्या कंपाउंडमध्ये, कुणाच्या गोठ्यात गेली. आज आपण ज्याला शहराचा नकाशा म्हणतो तो म्हणजे जुन्या सात-बाराचा नकाशा आहे, त्यावर फक्त घरं उगवलीत.

वरून बघितलं तर हे कंगव्यासारखं दिसतं. एक दांडा आणि त्याला दाते. शेजारी दुसरा कंगवा, त्याचे दाते आपल्याकडं तोंड करून, आणि दोघांच्या दात्यांच्या टोकांमध्ये एक भिंत.

वर्गात मी मुलांना हा कंगवा फळ्यावर काढून मोजायला लावतो, तुम्ही पण कागद घ्या. एका कंगव्याला सहा गल्ल्या, प्रत्येक गल्ली १०० मीटरची, दोन गल्ल्यांमध्ये ३० मीटर, आणि मेन रोडपासून पहिली गल्ली पण ३० मीटरवर. शेजारी असाच कंगवा, उलट्या तोंडाचा. दोन दांड्यांमध्ये म्हणून २०० मीटर आणि खाली मेन रोड दोघांना जोडतो. आता सहाव्या गल्लीच्या टोकाच्या घरातून भिंतीपलीकडच्या घरी जायचंय. १०० मीटर गल्ली, १८० मीटर दांडा, २०० मीटर मेन रोड, परत १८० दांडा, परत १०० गल्ली. ७६० मीटर! भिंतीची जाडी नऊ इंच. आमचं प्रत्यक्षातलं अंतर वेगळं आहे, पण गोष्ट हीच.

आणि अंतरापेक्षा वाईट गोष्ट पुढं आहे. ग्राफच्या गणितात अशी कड की जी काढली तर नकाशाचे दोन तुकडे होतात, तिला पूलच म्हणतात, खरा पूल असो नसो. वरच्या दोन कंगव्यांत एकूण कडा २५, मेन रोडचा तुकडा धरून, आणि त्या पंचवीसच्या पंचवीस पूल आहेत. म्हणजे कुठंही ड्रेनेजसाठी खणलं, कुठंही मांडव पडला, कुठंही ट्रक अडकला, तर त्याच्या पुढचे सगळे अडकले, त्यांना दुसरी वाटच नाही. आता यातली एकच भिंत उघडायची परवानगी आहे असं समजा. पहिल्या गल्लीची उघडली, मेन रोडजवळची, तर पूल पंचवीसवरून वीसवर येतात. शेवटच्या, सहाव्या गल्लीची उघडली तर थेट दहावर. भिंत तीच, गवंड्याचा खर्च तोच, पण कुठली पाडायची हे कळलं तर फायदा तिप्पट. आणि सहाच्या सहा उघडल्या तर पूल शून्य, कुठलीही एक कड बंद पडू दे, सगळ्यांना दुसरी वाट आहे. हे करताना एकाही रस्त्याची रुंदी एका इंचानं वाढवलेली नाही हे लक्षात घ्या. उलट त्या दांड्याचं रुंदीकरण केलं, चाळीस फुटांचा साठ फूट केला, लोकांच्या पायऱ्या-पडव्या तोडल्या, तरी पूल पंचवीस ते पंचवीसच राहणार.

फळ्यावरचं हे गणित अख्ख्या शहराला लावता येतं आणि त्याला आता लाखो रुपयांचं सॉफ्टवेअर लागत नाही. ओपनस्ट्रीटमॅप म्हणून जगभरच्या लोकांनी मिळून बनवलेला नकाशा आहे, २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेला, त्यात आपल्या गावचे रस्ते पण आहेत आणि चुकले असतील तर तुम्ही-आम्ही दुरुस्त करू शकतो. नकाशे हाताळायचं क्यूजीआयएस नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा येणारं पोरगं असेल तर ओएसएमएनएक्स नावाचं पॅकेज अख्ख्या शहराचं जाळं उतरवून घेतं आणि बंद टोकं किती, चौकाला सरासरी किती रस्ते मिळतात, सरळ रेषेतल्या अंतराच्या मानानं रस्त्यानं किती वळसा पडतो, सगळं काढून देतं. सरकारनंही १५ फेब्रुवारी २०२१ ला नकाशांचे नियम मोकळे केले, आधी परवानगीसाठी जे खेटे घालावे लागायचे ते बरेच कमी झाले. महाभूनकाशा या सरकारी वेबसाइटवर गट नंबर टाकला की शेताची हद्द दिसते. म्हणजे बांध कुठं होता आणि गल्ली कुठं अडली हे दोन्ही आता घरी बसून एकावर एक ठेवून बघता येतं. विश्रामबागेत वालचंदसारखं १९४७ पासूनचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे, दरवर्षी तिथं आणि बाकीच्या कॉलेजांत पोरं प्रोजेक्टसाठी विषय शोधत असतात. एका वॉर्डाचं जाळं एका ग्रुपला दिलं तर अख्ख्या शहराचा नकाशा व्हायला किती वेळ लागेल?

लोक म्हणतात गूगलवर लाल-हिरवं दिसतंच की. दिसतं, पण जो रस्ता आहे तोच लाल होतो. जो रस्ता नाहीच, जो असता तर हा लाल झाला नसता, तो कुठल्या रंगात दिसणार? नसलेला रस्ता बघायचा असेल तर जाळ्याचं गणितच लागतं. त्यातली एक साधी रीत सांगतो, लिंटन फ्रीमन नावाच्या समाजशास्त्रज्ञानं १९७७ मध्ये मांडलेली, त्यानं ती माणसांच्या ओळखीपाळखीसाठी मांडली पण रस्त्यांना तंतोतंत लागू पडते. शहरातले कुठलेही दोन बिंदू घ्या, त्यांच्यातली सगळ्यात जवळची वाट काढा, आणि असं सगळ्या जोड्यांसाठी करून प्रत्येक रस्त्यावरून किती वाटा जातात ते मोजा. ज्या रस्त्यावरून लईच वाटा जातात त्याला गर्दी होणार, तिथं गाड्या मोजायची पण गरज नाही, नकाशाचा आकारच सांगतो. सांगली-मिरज रोडचं तसंच आहे. गाड्या वाढल्यात हे खरं, पण दोन्ही बाजूच्या कंगव्यांना आपसात बोलायला तोच एक रस्ता आहे हेही तितकंच खरं. मागच्या गल्लीत दळण टाकायला जाणाऱ्या माणसालाही मेन रोडला यावं लागतं, मग मेन रोड भरतो, मग आपण म्हणतो रुंद करा.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बिल हिलियर, ज्युलियन हॅन्सन वगैरे मंडळींनी १९७० च्या दशकापासून याच विचाराची एक शाखा उभी केली, स्पेस सिंटॅक्स म्हणतात. एका रस्त्यावरून बाकीच्या सगळ्या रस्त्यांवर पोचायला सरासरी किती वळणं घ्यावी लागतात हे ते मोजतात, आणि कमी वळणात पोचता येणाऱ्या रस्त्यांवर माणसं जास्त चालतात, दुकानं जास्त लागतात असं त्यांना बऱ्याच ठिकाणी दिसलं. ट्रफाल्गर स्क्वेअरचं काम २००३ मध्ये पुरं झालं तेव्हा त्यांच्या अभ्यासाचा उपयोग केला होता. आधी लोक मधल्या चौकात न शिरता कडेकडेनं वळसा घालून जायचे, मग उत्तरेकडचा रस्ता गाड्यांना बंद केला आणि मधोमध एक रुंद जिना घातला, आणि चौकातून माणसं आरपार जायला लागली. एक जिना! मला ते वाचताना आमची भिंतच आठवली. ह्या पद्धतीवर टीका पण झालीय की ती वळणं मोजते आणि अंतर विसरते, इमारती किती उंच, कुठं किती माणसं राहतात हे धरत नाही, आणि ती टीका बरोबरच आहे. म्हणून कुठल्या एका आकड्यावर भुलू नये, दोन-तीन रीतींनी बघावं आणि मग प्रत्यक्ष गल्लीत जाऊन उभं राहावं.

शेजारच्या साताऱ्याचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला शाहू महाराजांच्या काळात वसलेलं गाव, राजवाड्याकडून पोवई नाक्याकडं येणारे दोन लांब रस्ते, वरचा आणि खालचा, आणि दोघांना जोडणारे उताराचे बोळ. म्हणजे शिडी. वरच्या रस्त्यावर मिरवणूक असली तर माणूस बोळातून खाली उतरतो. शिडीची एखादी पायरी अडली तरी शिडी चालते. पण शिडीचं एक टोक पोवई नाक्याला येऊन मिळतं आणि स्टँडकडून, हायवेकडून, सदर बझारकडून येणारे रस्ते पण तिथंच, त्यामुळं सगळा ताण त्या एका बिंदूवर आला, आणि शेवटी तिथं ग्रेड सेपरेटर, म्हणजे रस्ते एकमेकांच्या वर-खाली नेणारं बांधकाम, करावा लागला. ताण त्या बिंदूवर येणार हे नकाशाच्या आकारातच लिहिलेलं होतं. आपल्याला शिडी मिळालेली नाही, कंगवे मिळालेत, म्हणून आपण जास्त काळजी घ्यायला पाहिजे.

रेल्वेचं पण तसंच. रुळांच्या अलीकडं एक गाव आणि पलीकडं एक गाव, आणि दोघांना जोडणाऱ्या जागा बोटांवर मोजण्यासारख्या. चिंतामणीनगरचा रेल्वेपूल नव्यानं बांधायला म्हणून पाडला तेव्हा माधवनगरकडून येणाऱ्यांना काय वळसे पडले ते ज्यांनी भोगलं त्यांना विचारा. पूल नवा व्हायलाच हवा होता, प्रश्न तो नाही. पण पाडायच्या आधी त्या कडेवरून किती वाटा जातात, त्या कुठं वळणार, वळलेल्या गाड्या कुठल्या शाळेसमोरून जाणार, हे एका संध्याकाळच्या हिशोबात कळण्यासारखं आहे, आणि ते लोकांना आधी नकाशावर दाखवायला पाहिजे.

पण हे सगळं ज्याच्यासाठी मला सगळ्यात जास्त तातडीचं वाटतं ते म्हणजे महापूर.

सांगलीत पावसाळ्यात माणूस माणसाला भेटला की पहिला प्रश्न, आज किती फूट? १९२९ साली खुला झालेल्या आयर्विन पुलापाशी मोजलेली कृष्णेची पातळी, ४० फुटाला इशारा, ४५ फुटाला धोका, हे इथल्या पोराला पण पाठ असतं. २००५ ला ५३ फुटांच्या वर गेली, ऑगस्ट २०१९ ला ५७ फुटांच्या वर, २०२१ च्या जुलैत परत घरं पाण्यात. आधी सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर, मग पुढचं, असा कुठल्या फुटाला कुठला भाग जातो याचा अंदाज पण सगळ्यांना आहे. पण हा अंदाज घरांचा आहे. रस्त्यांचा नाही. आणि रस्ता घराच्या आधी बुडतो. घर जोत्यावर असतं, रस्ता खाली असतो, आणि नाल्यावरचा मोरीचा तुकडा तर सगळ्यात खाली. कंगव्याचा दांडा मेन रोडला मिळतो त्या तोंडापाशीच जर खोलगट असेल, तर आतल्या दोनशे घरांत पाण्याचा थेंब नसताना ती दोनशे घरं बेट होतात. माणसं म्हणतात आपल्याकडं पाणी कुठं आलंय, बघू सकाळी, आणि सकाळी बाहेर पडायला वाट नसते. २०१९ ला किती घरांत हे झालं. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला ८ ऑगस्टला बोट उलटून माणसं बुडाली, ती पुरानं वेढलेल्या गावातून बाहेर पडायला निघालेली माणसं होती. बाहेर पडायची वाट कधी बंद होणार हे आधी कळणं याची किंमत काय असते हे आपल्या जिल्ह्याइतकं कुणाला माहिती असणार?

आणि हे काढता येतं. रस्त्यांचं जाळं घ्यायचं, प्रत्येक तुकड्याची सगळ्यात खोल जागा किती उंचीवर आहे ते लेव्हल घेऊन लिहायचं, आणि मग आयर्विनचा एकेक फूट वाढवत, पाण्याखाली जाणाऱ्या कडा नकाशातून पुसत जायच्या. कुठल्या फुटाला कुठल्या कॉलनीची शेवटची वाट जाते ते दिसतं. म्हणजे अमुक फुटाला घर सोडा असं न सांगता, अमुक फुटाला तुमची शेवटची वाट बंद होणार, त्याच्या दोन फूट आधी निघा, असं सांगता येईल. आणि त्याच नकाशावर हे पण दिसेल की उंच बाजूला असलेली एखादी भिंत उघडली तर अख्खी कॉलनी बेट व्हायची वाचते. मला वाटतं महापुराच्या तयारीसाठी बोटी घेतो, लाइफ जॅकेट घेतो, ते घ्यायलाच पाहिजेत, पण त्याच्या शंभराव्या हिश्श्यात हा नकाशा होईल.

आता विरोधाचं बोलू, कारण विरोध आमच्याच गल्लीतून झाला. मी भिंतीचा विषय काढल्यावर शेजारचे आण्णा म्हणाले, "सर, वाट काढली की दिवसभर गाड्या पळणार, पोरं खेळतात तिथं. आत्ता शांत आहे ते बरं आहे." आण्णांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. बंद गल्लीत पोरं क्रिकेट खेळतात, लग्नाचा मांडव पडतो, अनोळखी माणूस आला की कळतं, ते सुख खरं आहे. पण जोड म्हणजे गाड्यांचाच जोड असं कुणी सांगितलं? सहा फुटांची वाट ठेवा, मधे दोन खांब रोवा, माणूस जाईल, सायकल जाईल, शाळेची पोरं जातील, आणि अडीनडीला खांब काढून ॲम्ब्युलन्स किंवा अग्निशमनची गाडी जाईल एवढी जागा ठेवायची असेल तर ती तशी ठरवा. कुठला जोड चालणाऱ्यांचा आणि कुठला गाड्यांचा हे ठरवायला पण तेच गणित लागतं, नाहीतर खरंच असं होईल की एका गरीब वस्तीतून सगळ्या शहराच्या गाड्या आरपार जायला लागतील आणि तिथल्या लोकांना कुणी विचारलेलं पण नसेल. नवीन रस्ता दिला की भलं होतंच असंही नाही. डिट्रिश ब्रेस नावाच्या जर्मन गणितज्ञानं १९६८ मध्ये दाखवलंय की जाळ्यात एक रस्ता वाढवल्यानं कधी कधी सगळ्यांचाच वेळ वाढतो, कारण सगळे त्याच आमिषानं तिकडं वळतात. उलट दक्षिण कोरियातल्या सोलमध्ये चंगेचॉन ओढ्यावरचा उंच रस्ता २००३ पासून पाडला आणि ओढा मोकळा केला, म्हणजे रस्ता वाढवण्याऐवजी काढायचा निर्णय पण घेता येतो. म्हणून मी "जोडा" एवढंच म्हणत नाही, मोजून जोडा म्हणतोय.

दुसरा मुद्दा जागेचा आणि पैशाचा. ज्याचा प्लॉट टोकाला आहे त्यानंच का सोसायचं? बरोबर आहे, त्यानं एकट्यानं सोसू नये. त्याला पण उत्तर आपल्याच देशात आहे. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर भुजच्या जुन्या तटबंदीतल्या गावात, जिथं बोळांत माणसं अडकली होती, टीपी स्कीम, म्हणजे नगररचना योजना, करून रस्ते नव्यानं आखले. सगळ्यांच्या जागेतून थोडा थोडा हिस्सा घेतला, प्लॉट सरकवले, आणि बंद बोळ जोडत रस्ते केले. सोपं नव्हतं, भांडणं झाली, पण ओझं एकाच्या माथी मारलं नाही. टीपी स्कीमची तरतूद आपल्या १९६६ च्या एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक आणि नगररचना कायद्यात पण आहे. आणि गुंठेवारीचा कायदा २००१ चा, पुढं २०२१ मध्ये मुदत वाढवून डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात घेतली, म्हणजे हजारो घरमालक नियमित करून घ्यायला महापालिकेच्या दारात येतात. त्या वेळी आपण फी घेतो, नकाशा घेतो, सही देतो. पण एकेका प्लॉटचा नकाशा बघून काय उपयोग, त्या गल्लीचं टोक शेजारच्या गटात कुठं मिळू शकतं हे बघायची तीच तर वेळ असते. ती गेली की तिथं दुमजली घर उभं राहतं आणि मग पन्नास वर्षं काही होत नाही.

१९९८ ला तीन गावं मिळून महापालिका झाली, सांगली, मिरज, कुपवाड. पाटी एक झाली, पण रस्त्यांचं जाळं अजून तीन गावांचंच आहे, आणि मधल्या शेतांवर जे उगवलं ते कुठल्याच गावाचं नाही. विकास आराखड्यात डीपी रस्ते आखलेले असतात, पण त्यातले किती कागदावर आणि किती जमिनीवर हे सामान्य माणसाला एका नजरेत दिसेल असं कुठं लावलेलं नाही. एमआरटीपीच्या कलम १२७ नं दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही तर मालक नोटीस देऊन आरक्षण उठवून घेऊ शकतो. म्हणजे जोडाचा डीपी रस्ता रखडला तर तो नुसता उशिरा होत नाही, तो कायमचा हातातून जाऊ शकतो. कुठल्या रखडलेल्या रस्त्याला आधी पैसे द्यायचे हे नगरसेवकाच्या वजनावर ठरण्याऐवजी तो रस्ता झाल्यानं किती बंद टोकं उघडतात, किती पूल कमी होतात, किती घरं महापुरात बेट व्हायची वाचतात यावर ठरावं. हा हिशोब बजेटच्या सभेत भिंतीवर लावावा, सगळ्यांनी बघावा, मग खुशाल वाद घालावा.

नकाशात काय दिसत नाही हे पण मला माहिती आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत आठवीच्या सात-आठ पोरांना घेऊन आमच्या भागातल्या गल्ल्या पायी फिरलो. नकाशावर आरपार दिसणाऱ्या एका गल्लीत मधे लोखंडी गेट आणि कुलूप, एका ठिकाणी रस्ता दाखवलाय तिथं नाला आणि त्यावर लोकांनी टाकलेला विजेचा जुना खांब, त्यावरून बायका घागरी घेऊन जातात. आणि उलट पण, नकाशावर बंद दिसणाऱ्या दोन गल्ल्यांत भिंतीला माणूस जाईल एवढं भगदाड, कडा गुळगुळीत झालेल्या, म्हणजे कित्येक वर्षं लोक तिथून जातायत. जोड कुठं पाहिजे हे लोकांनी पायांनी आधीच सांगून ठेवलंय. पोरांनी ती भगदाडं वहीत लिहून घेतली, मी ती नकाशावर चढवली, आणि गणितानं ज्या भिंती आधी उघडा म्हणून सांगितलं त्यातल्या बऱ्याच त्याच निघाल्या.

आमच्या भिंतीचं म्हणाल तर आण्णा आता तयार आहेत, सहा फूट वाट, दोन खांब, रात्री दिवा. पलीकडच्या वहिनींनी त्यांच्या बाजूचं शेवग्याचं झाड तोडू नका एवढीच अट घातलीय, आणि झाड वाटेच्या बाहेर बसतंय, आम्ही मोजलं. दोन्ही कॉलन्यांच्या सह्या झाल्यात. अर्जाला पोरांनी केलेला नकाशा जोडलाय, त्यात आमची भिंत सोडून भागातली बाकीची बंद टोकं पण लाल ठिपक्यांनी दाखवलीत, आणि पावसाळ्याला अजून दोन महिने आहेत.